विसरलेल्या खेळांची कोठी

भिवंडीत राहणाऱ्या मुलाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक, यंत्रमागाचा खडखडाट कसा असतो. आणि दुसरी, गोदाम म्हणजे काय. गावात माग, आणि गावाबाहेर पडावे तर अंजूर फाटा, मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर अशा गावांतून गोदामांच्या रांगाच रांगा. विद्यार्थी मित्रांनो, या दोन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याला हा लेख निम्मा आधीच समजला आहे असे म्हणायला हरकत नाही. विषय मात्र आहे जुन्या व्हिडिओ गेमचा.

तुमच्या घरातील मोठी भावंडे, काका, मामा यांना विचारून पाहा. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांची, किंवा काहीच नाव नसलेली, दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळयंत्रे आपल्याकडे मिळत. त्यांत एक चपटी पेटी खोचावी लागे. तिला सगळे ‘कॅसेट’ म्हणत, पण तिच्यात फीत मुळीच नसे. या पेटीवर ‘९९९ इन १’ किंवा त्याहूनही मोठा आकडा छापलेला असायचा. प्रत्यक्षात निराळे खेळ वीस-पंचवीसच. तेच नावे किंचित बदलून पुन्हा पुन्हा यायचे. या पेट्या बहुतेक विनापरवाना नकला होत्या, त्यामुळे खेळ रचणाऱ्यांना त्यांतून काही मिळत नसे. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्याबरोबर माहितीपुस्तिका नसे. मारिओ आणि काँट्रा हे खेळ पुस्तिकेवाचून कळतात. पळायचे, उडी मारायची, गोळी झाडायची. पण यादीत खाली कुठेतरी असे काही खेळ होते की जे पाहून मुले अर्ध्या मिनिटात ते बंद करीत. माझ्या मते आज खेळण्यासारखे आहेत ते नेमके हेच. त्यांपैकी तीन-चार खेळ आपण आतून पाहू या.

त्याआधी थोडे यंत्राविषयी.

मूळ यंत्र जपानमधील निन्टेंडो या कंपनीचे. ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नावाने ते १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. आपल्याकडची बहुतेक यंत्रे याच घराण्यातली. त्याची कामचलाऊ स्मृती, म्हणजे चालू खेळातील आकडे लिहून ठेवण्याची पाटी, फक्त २ किलोबाइट. साध्या कॅसेटीत आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट, एकूण ४० किलोबाइट एवढीच जागा. आजच्या मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज २ मेगाबाइटचे असते. तेवढ्या जागेत अशा पन्नास कॅसेटी बसतील!

आता हिशेब करा. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० प्रकाशबिंदू. म्हणजे एकूण ६१,४४० बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी चार रंगांतून एक निवडायचा म्हटले तर दोन बिट लागतात. ६१,४४० गुणिले २ म्हणजे १,२२,८८० बिट. ८ ने भागले की १५,३६० बाइट. एका पडद्याला जर एवढी जागा लागली तर संपूर्ण कॅसेटीत तीन चित्रेसुद्धा मावणार नाहीत, मग खेळ ठेवायचा कुठे?

इथे मागाकडे वळा. साडीच्या काठावर मोरांची ओळ असते. विणकर काय प्रत्येक मोरासाठी निराळा आराखडा काढतो? नाही. तो चौकटीच्या कागदावर एकच मोर काढतो. प्रत्येक चौकटीत दोनच शक्यता: उभा धागा वर, किंवा उभा धागा खाली. डॉबी लावलेल्या मागावर हा आराखडा लाकडी पट्ट्यांच्या साखळीत खुंट्या ठोकून उतरवतात. खुंटी असेल तिथे धागे उचलले जातात, नसेल तिथे खालीच राहतात. साखळीचा फेरा पुरा झाला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जकार्डच्या मागावर खुंट्यांऐवजी पुठ्ठ्याची छिद्रे पाडलेली कार्डे असतात. फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जकार्ड याने ही रचना १८०४ मध्ये सिद्ध केली. ‘छिद्र आहे’ आणि ‘छिद्र नाही’ या दोन खुणांत माहिती साठवण्याची ही रीत पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने अशाच कार्डांवर माणसे मोजली. संगणकाच्या पूर्वजांत माग आहे, तो असा.

खेळयंत्रातही हाच विचार दिसतो. चित्रे ८ गुणिले ८ बिंदूंच्या लहान फरश्यांत कापलेली असतात. एका फरशीचे ६४ बिंदू, प्रत्येकी २ बिट, म्हणजे १२८ बिट किंवा १६ बाइट. अशा ५१२ फरश्या ८ किलोबाइटमध्ये बरोबर बसतात. मग पडद्यासाठी साठवायचे ते एवढेच की, कोणत्या जागी कितव्या क्रमांकाची फरशी. पडद्यावर ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६० जागा. प्रत्येकीला एक बाइट. शिवाय रंगांसाठी ६४ बाइट. एकूण १,०२४. पंधरा हजारांचे काम हजारात झाले! मारिओच्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहिलेत तर आकार एकच आहे असे आढळेल. रंग बदलला, फरश्या त्याच. काटकसर म्हणतात ती ही.

एक गोष्ट जाता जाता. या यंत्रात हलणारी चित्रे वेगळी ठेवलेली असतात, आणि एका आडव्या ओळीत तशी आठच दाखवता येतात. नववे आले की ते दिसतच नाही. म्हणून खेळ रचणारे प्रत्येक वेळी चित्रांचा क्रम फिरवत. त्यामुळे एकच चित्र कायमचे नाहीसे होण्याऐवजी सगळी आळीपाळीने लुकलुकतात. खूप शत्रू एका रांगेत आले की ते लुकलुकू लागतात, तेव्हा ‘कॅसेट खराब आहे’ असे समजून ती काढून फुंकणारी मुले पुष्कळ होती. फुंकण्याने काही साधत नाही. उलट ओलसर श्वासाने धातूची टोके गंजतात. पेटी काढून पुन्हा बसवल्याने टोके घासली जातात, गुण येतो तो त्याचा.

आता खेळ घेऊ.

पहिला खेळ भिवंडीकरांनी न खेळला तर कोणी खेळायचा? त्याचे नाव ‘सोकोबान’. जपानी भाषेत याचा अर्थ गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो रचला आणि १९८२ मध्ये ‘थिंकिंग रॅबिट’ या जपानी कंपनीने तो घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध केला. खेळ असा: एक गोदाम आहे, त्यात काही खोकी आहेत आणि तितकीच ठरलेली ठिकाणे आहेत. राखणदाराने सगळी खोकी ठिकाणांवर न्यायची. नियम दोनच. खोके ढकलता येते, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच खोके ढकलता येते.

मानकोलीच्या गोदामात काम करणारा कोणीही हा नियम ऐकून हसेल. त्याच्याजवळ हातगाडा असतो, तो ओढता येतो. भिंतीला लागलेले खोके सहज बाहेर काढता येते. खेळात हीच एक सोय काढून घेतली आहे, आणि सारी कठीणता तिच्या अभावातून निर्माण होते. ओढता येत नाही म्हणजे केलेली काही कामे उलटवता येत नाहीत. खोके कोपऱ्यात गेले की गेले.

यासाठी आम्ही एक लहानशी कोठी रचली आहे. चौकटीच्या वहीत काढा. भ म्हणजे भिंत, ग म्हणजे गोदामवाला, ख म्हणजे खोके, ठ म्हणजे ठिकाण आणि ० म्हणजे मोकळी जागा. खोक्यांऐवजी दोन बटणे घ्या, गोदामवाल्याऐवजी एक चिंचोका.

भ भ भ भ भ भ
भ ग ० ० ० भ
भ ० ख ख ० भ
भ ठ ० ० ठ भ
भ भ भ भ भ भ

सोपे वाटते ना? खोके वर ढकलून पाहा. ते वरच्या भिंतीला चिकटले, आता ते खाली आणायचे तर गोदामवाल्याने भिंतीत उभे राहायला हवे. वरच्या रांगेत एकही ठिकाण नाही, म्हणजे डाव गेला. बरे, दोन्ही खोकी एकामागून एक सरळ खाली ढकला. ती तळाच्या भिंतीशी एकमेकांना खेटून बसली. डावे खोके डावीकडे ढकलायला त्याच्या उजवीकडे उभे राहायला हवे. तिथे दुसरे खोके आहे. पुन्हा डाव गेला, आणि या वेळी कोपऱ्याशी काही संबंध नसताना! म्हणजे प्रत्येक खोक्याची वाट सापडली तरी पुरत नाही, क्रमही सापडावा लागतो. ही कोठी नऊ पावलांत लागते. प्रयत्न करा, उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे.

या खेळाचा अभ्यास करणारे एक युक्ती सांगतात: शेवटापासून मागे जा. खोकी ठिकाणांवर आहेत असे धरा आणि नियम उलटा करा, म्हणजे खोके ओढता येते, ढकलता येत नाही. मागे मागे जात मूळ मांडणीला पोहोचलात की तोच रस्ता उलटा वाचायचा. भूमितीतील ‘समजा हे सिद्ध झाले आहे’ या रीतीची तुम्हाला आठवण होईल.

आता असे विचाराल की, संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला लावल्या तर? आमच्या कोठीत मोकळ्या जागा १२. दोन खोकी ६६ निरनिराळ्या जोड्यांच्या जागी ठेवता येतात, आणि प्रत्येक वेळी गोदामवाल्याला उरलेल्या १० जागा. म्हणजे ६६० मांडण्या. संगणकाला हे काहीच नाही. पण जागा ४० आणि खोकी १० घ्या. मांडण्यांची संख्या सुमारे २,५४३ कोटी होते! गोदाम तिप्पट-चौपट झाले, खोकी पाचपट झाली, आणि मांडण्या मात्र जवळजवळ चार कोटी पटींनी वाढल्या. १९९७ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी सिद्ध केले की, भिंती आणि खोकी चतुराईने मांडली तर मर्यादित स्मृतीच्या गणनयंत्राचे काम या गोदामातून करून घेता येते. म्हणून कोणतेही सोकोबान कोडे झटपट सोडवणारी एकच सर्वसाधारण रीत जर कोणाला सापडली, तर संगणकशास्त्रातील पुष्कळ अतिशय अवघड प्रश्न त्याच किल्लीने उघडतील. अशी किल्ली अद्याप सापडलेली नाही. शाळकरी मुलाला पाच मिनिटांत कळणाऱ्या खेळात इतके खोल पाणी आहे.

दुसरा खेळ ‘लोड रनर’. हा आपल्याकडच्या अनेक कॅसेटींत होता. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या डग्लस स्मिथ याने तो ॲपल-२ या संगणकासाठी रचला. १९८३ मध्ये ‘ब्रॉडरबंड’ने तो प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी जपानच्या हडसन सॉफ्टने तो फॅमिली कॉम्प्युटरवर आणला. विटांचे मजले, शिड्या, दोर. सगळे सोने गोळा करायचे आणि पहारेकऱ्यांना चुकवायचे. खेळाडूला उडी मारता येत नाही, गोळी झाडता येत नाही. येते ती एकच गोष्ट: आपल्या शेजारच्या, डाव्या किंवा उजव्या, जागेखालची वीट उकरणे. स्वतःच्या पायांखालची वीट उकरता येत नाही. उकरलेला खड्डा काही सेकंदांत आपोआप बुजतो.

आता गंमत पाहा. समजा, सोने विटांच्या एका थराखाली आहे. एक वीट उकरली की खाली उतरता येते. थर दोन असतील तर? एका विटेच्या खड्ड्यात उतरलात तर शेजारी मोकळी जागाच नाही, मग पुढची वीट उकरणार कुठून? म्हणून वरच्या थरात शेजारशेजारच्या दोन विटा उकराव्या लागतात. एकीच्या जागी उभे राहून दुसरीच्या खालची काढायची. एकूण तीन विटा. तीन थरांना वर तीन, मध्ये दोन, खाली एक, म्हणजे सहा. चार थरांना दहा. १, ३, ६, १०: या संख्यांना गणितात त्रिकोणी संख्या म्हणतात. थर ‘न’ असतील तर विटा न(न+१)/२. शिवाय उकरण्याचा क्रमही ठरलेला: दूरची वीट आधी, जवळची नंतर. आणि हे सारे पहिला खड्डा बुजायच्या आत! थर वाढतील तसे काम त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेळ मात्र तेवढाच. म्हणून कितीही चपळ खेळाडू असला तरी काही थरांनंतर त्याची गती खुंटते. किती थरांनंतर, हे घड्याळ लावून तुम्हीच काढा.

पहारेकरीही मनाला येईल तसे धावत नाहीत. खेळाडू कुठे आहे ते पाहून ते ठरलेल्या नियमांनी वळतात. चार-दोन वेळा नीट पाहिलेत तर आपण कुठे उभे राहिलो की ते कोणत्या शिडीने येतील हे सांगता येऊ लागते. मग त्यांना चुकवण्याऐवजी हव्या त्या खड्ड्यात नेऊन घालता येते, आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाता येते. निरीक्षण, अंदाज, पडताळा. प्रयोगशाळेत दुसरे काय करतो आपण?

मूळ लोड रनरमध्ये १५० नकाशे होते. एक नकाशा म्हणजे २८ गुणिले १६ चौकटी. चौकटीत दहापैकी एक वस्तू: वीट, पक्का दगड, शिडी, दोर, सोने, पहारेकरी वगैरे. दहा वस्तूंना तीन बिट पुरत नाहीत, कारण तीन बिटांत आठच खुणा होतात, चार लागतात. ४४८ चौकटी गुणिले ४ बिट म्हणजे २२४ बाइट. एवढ्यात एक संपूर्ण दुनिया! हे सगळे नकाशे स्मिथने एकट्याने केले नाहीत. शेजारपाजारच्या मुलांकडूनही काही करून घेतले, असे सांगतात. हे त्याला शक्य झाले याचे कारण खेळातच नकाशे रचण्याची सोय त्याने ठेवली होती. आपल्याकडच्या कॅसेटीतही ती होती. पहिल्या पडद्यावर ‘एडिट’ असा शब्द होता. किती मुलांनी तो निवडून पाहिला असेल?

‘बॅटल सिटी’ या १९८५ च्या नाम्कोच्या खेळाचेही तेच. रणगाड्यांचा हा खेळ आपल्याकडे ‘टँक’ या नावाने घरोघर खेळला गेला, तेव्हा त्याला विसरलेला म्हणता येणार नाही. विसरली गेली ती त्यातली ‘कन्स्ट्रक्शन’ ही तिसरी ओळ. ती निवडली की तेरा गुणिले तेरा चौकटींचे मोकळे मैदान मिळते आणि विटा, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ आपल्या मनाप्रमाणे मांडून त्यावर खेळता येते. प्रत्येक चौकटीत ‘वीट आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्या दोनच शक्यता धरल्या तरी १६९ चौकटींची जितकी मैदाने होतील त्या संख्येला ५१ अंक आहेत. तयार मैदाने ३५. पस्तीस खेळून ‘संपला खेळ’ म्हणणे बरे नव्हे.

पण इथे एक अडचण होती, आणि भिवंडीकरांना ती चांगली आठवत असेल. मैदान तासभर खपून रचावे आणि वीज जावी! रचलेले मैदान त्या २ किलोबाइटच्या पाटीवर असते. ही स्मृती विजेच्या आधारानेच टिकते. प्रवाह थांबला की पाटी कोरी. कॅसेटीतील खेळ मात्र शाबूत, कारण तो कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. एक्साइटबाइक, रेकिंग क्रू या निन्टेंडोच्या खेळांत रचना ‘सेव्ह’ करण्याची ओळ होती आणि ती निवडून काहीच घडत नसे. कारण असे की, त्यासाठी एक खास फीतमुद्रक जोडावा लागे, आकडे आवाजांच्या रूपाने फितीवर उतरत; आणि हे उपकरण जपानबाहेर विकलेच गेले नाही. ज्याला हे माहीत नव्हते त्याने निमूटपणे दुसऱ्या खेळाकडे मोर्चा वळवला असणार.

यावर उपाय विणकराचाच: चौकटीचा कागद. तेरा गुणिले तेराचा चौकोन आखा, विटेला एक खूण, पाण्याला दुसरी. मैदान कागदावर आधी काढा, मग यंत्रात उतरवा. वीज जाईल, कागद जाणार नाही. कागदावरचे मैदान मित्राला देता येते, हा आणखी एक फायदा.

तिसरा खेळ मला सर्वांत आवडतो आणि तोच सर्वांत कमी खेळला गेला: ‘बायनरी लँड’. हडसन सॉफ्टचाच, फॅमिली कॉम्प्युटरवर १९८५ चा. मधोमध भिंत, तिच्या एका बाजूला एक पेंग्विन, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोघांनी एकदम वरच्या पिंजऱ्यापाशी पोहोचायचे. बटण एकच, पण दोघेही हलतात. वर दाबले की दोघे वर जातात. उजवीकडे दाबले की एक उजवीकडे जातो आणि दुसरा डावीकडे. आरशातील प्रतिबिंबासारखे. वाटेत कोळ्यांची जाळी असतात. एक अडकला तर दुसऱ्याने येऊन त्याला सोडवावे लागते.

दोन्ही बाजूंचे चक्रव्यूह एकमेकांची प्रतिबिंबे असते तर कोडेच उरले नसते. एकाला नेले की दुसरा आपोआप पोहोचला असता. पण ते तसे नाहीत. त्यामुळे एकाला भिंत आडवी येते, तो थांबतो, आणि दुसरा पुढे जातो. दोघांत पडलेले हे अंतर भरून काढायचे तर दुसऱ्याला अडवील आणि पहिल्याला जाऊ देईल अशी भिंत शोधायला हवी. एरवी भिंत म्हणजे अडथळा. इथे तीच उपयोगी पडते! गणिताच्या भाषेत सांगायचे तर एकेका बाजूला ५० जागा असतील तर आपण ५० जागांच्या दोन चक्रव्यूहांत नसतो; ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० जागांच्या एकाच चक्रव्यूहात असतो, कारण ‘हा इथे आणि तो तिथे’ अशी प्रत्येक जोडी ही एक वेगळी जागा आहे. डोळे एकावर ठेवणारा हमखास फसतो. वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर दोन निरनिराळे चक्रव्यूह आखून, दोन नाणी घेऊन हा खेळ विजेवाचूनही खेळता येतो. वर्गात शिक्षकांनी फळ्यावर काढून पाहावा. सममिती शिकवण्याला याहून चांगले साधन मला तरी माहीत नाही.

बंदुकीने बदके टिपायचा ‘डक हंट’ यादीत का नाही, असे कोणी विचारील. खेळ उत्तम, पण तो जुन्या काचेच्या नळीच्या संचाशी बांधलेला आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो दिसतो का हे पाहतो. सारे सेकंदाच्या काही शतांश भागांत. आजचे चपटे संच चित्र दाखवायला किंचित वेळ घेतात, तेवढ्यात तपासणीची वेळ टळून जाते आणि प्रत्येक नेम चुकतो.

यंत्र गेले की खेळ गेला, असे होऊ शकते ते असे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ खेळ बाजारात कोणत्याही रूपात मिळत नाहीत असे आढळले. सोकोबान आणि लोड रनर यांच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, म्हणून ते तरले. सोकोबानचे नकाशे तर साध्या अक्षरांत लिहून जगभरचे लोक एकमेकांना देत आले. आम्ही वर दिलेली कोठी त्याच रीतीची आहे. बायनरी लँडचे दैव तेवढे बलवत्तर नाही. घरात माळ्यावर जुने यंत्र असेल तर ते भंगारात देण्यापूर्वी एकदा लावून पाहा, यादी शेवटपर्यंत वाचा, आणि खेळांची नावे व पहिले पडदे वहीत टिपून ठेवा.

कोठीचे उत्तर: उजवीकडे, खाली, उजवीकडे, वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, खाली, डावीकडे. यांपैकी चार पावले खोके ढकलण्याची आहेत. याहून कमी पावलांत कोठी लागत नाही हे सिद्ध करता येते का ते पाहा. सगळ्या ६६० मांडण्या तपासाव्या लागणार नाहीत.